क्रियापदाच्या आधी

निनाद वैरागडे पुस्तकं वाचत नसे, उरकत असे. धंद्याची पुस्तकं तो कानाने घ्यायचा. सकाळी दाढी करताना एक, गाडीत दुसरं. ऑफिस येईपर्यंत परदेशातल्या एका कंपनीची भरभराट आणि दुसरीचं दिवाळं, दोन्ही त्याच्या कानांवरून गेलेलं असे. पॉडकास्ट तो अडीचपट वेगाने ऐकायचा. त्या वेगात जगातले सगळे यशस्वी लोक एकाच किरट्या आवाजात बोलतात, हे त्याच्या बायकोचं, ऋचाचं, निरीक्षण. ऋचा मूळची नाशिकची, कॉलेजात भूगोल शिकवायची, आणि तिला सावकाश बोलायची खोड होती.

"बोलण्यात पाणी फार असतं," निनाद तिला सांगायचा. "पिळलं की मुद्दा हाती येतो."

"आणि पाणी?" ती विचारायची. याचं उत्तर कुठल्या पुस्तकात आलेलं नव्हतं, त्यामुळे तो हसून विषय बदलायचा.

एवढ्या घाईच्या माणसाला एका ठिकाणी मात्र कसलीच घाई नसायची. ते ठिकाण म्हणजे नागपुरातलं नवयुग क्रीडा मंडळाचं सिमेंटचं बास्केटबॉल मैदान. दर रविवारी सकाळी तो तिथे भूषण धोटेबरोबर खेळायचा. दोघे शाळेपासूनचे मित्र, एकाच संघात वाढलेले आणि आता एकाच कंपनीचे भागीदार. भूषण खेळ चालवायचा, निनाद बास्केटकडे धावायचा. भूषण बघायचा एकीकडे आणि चेंडू सुटायचा दुसरीकडे, जिथे निनाद अजून पोचलेलाही नसे. निनाद पोचायचा तेव्हा चेंडू हातात असायचा. लहानपणी हे दरवेळी जमायचं असं नाही. भूषणने भलताच आधी सोडलेला चेंडू रेषेबाहेर गेला की त्यांचे प्रशिक्षक उमरेडकर सर बाकावरून ओरडायचे, "अबे, तो जिथं पोचणार आहे तिथं पास द्यायचा, बरोबर आहे. पण त्याले पोचू तर दे!"

सरांचा आणखी एक नियम होता. मराठी घरातून निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. चुकून म्हटलंच तर घरातलं कोणीतरी लगेच टोकतं. सरांनी ही रीत मैदानावर आणली होती. एखादा मुलगा "जातो सर" म्हणाला की शिट्टी वाजायची, "येतो म्हण!", आणि वर मैदानाला एक चक्कर. एकदा आंतरशालेय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सरांनी भूषणला शेवटपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. सामना संपल्यावर त्याने बूट पिशवीत कोंबले आणि म्हणाला, "जातो मी." हे चुकून आलेलं नाही, हे सगळ्या संघाला कळलं. निनादने त्याच्या पिशवीचा पट्टा धरला.

"येतो म्हण बे."

"नाही म्हणत."

"म्हण. सोडणार नाही मी."

बराच वेळ ओढाताण झाली, पट्टा उसवला, आणि शेवटी भूषण रडत रडत "येतो" म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी मैदानावर हजर होता. त्यानंतर पट्टा धरायची वेळ निनादवर कधी आली नाही.

*

पुढे दोघे इंजिनिअर झाले, बाहेरगावी नोकऱ्या करून कंटाळले, आणि नागपुरात परतून स्वतःचं काहीतरी करायचं म्हणून दोन भाड्याच्या खोल्यांत बसले. नेमकं तेव्हाच उमरेडकर सरांना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय बरेचसे सावरले, वाचा सावरली नाही. काय म्हणायचं आहे ते सरांच्या डोक्यात शाबूत असे, पण शब्द वेळेवर येत नसे. वाक्य सुरू व्हायचं आणि मध्येच अडायचं. समोरचा माणूस दयेपोटी ते पूर्ण करायचा, बहुतेक वेळा चुकीचं, आणि सर लालबुंद व्हायचे.

भूषण आणि निनादने बनवलेलं पहिलं यंत्र हे एकट्या सरांसाठी होतं.

त्यामागचं शास्त्र तसं सरळ आहे. माणूस स्वतःला वाटतं तेवढं नवीन काही बोलत नाही. रोजच्या बोलण्यातला निम्म्याहून जास्त भाग आधीच्या शब्दांवरून, प्रसंगावरून आणि बोलणाऱ्याच्या सवयींवरून ओळखता येतो. एखाद्या माणसाचं बोलणं काही आठवडे ऐकलं, की यंत्राच्या मनात त्याच्या भाषेचा एक नकाशा तयार होतो: या शब्दानंतर हा माणूस बहुधा कुठे वळतो, कुठे थांबतो, कुठे विषय टाळतो. नकाशा पक्का झाला की वाक्य अर्ध्यावर असतानाच उरलेलं वाक्य सांगता येतं. सरांच्या सदऱ्याच्या कॉलरला लावलेली डबी अडलेलं वाक्य पूर्ण करून मोठ्याने म्हणायची. बरोबर असेल तर सर मान डोलवायचे, चूक असेल तर आडवी हलवायचे, मग डबी दुसरं वाक्य सुचवायची. तिसऱ्या-चौथ्या खेपेला बहुधा जमायचंच.

खरी अडचण भाषेची होती. इंग्रजीत नकार वाक्याच्या सुरुवातीलाच येऊन बसतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि 'नाही' त्याच्याही नंतर. "मला तुझं म्हणणं पटलं" इथपर्यंत ऐकून समोरचा खूश व्हावा आणि पुढच्या क्षणी "नाही" यावं, अशी आपली भाषा. यावर तोडगा काढला भूषणने. त्याने शेकडो लोकांचं बोलणं तपासून दाखवलं की नकार द्यायच्या आधी माणूस नकळत एक आखूड श्वास घेतो आणि आवाजाची पट्टी किंचित उतरते. तोंडातून 'नाही' निघण्याच्या कितीतरी आधी तो श्वासात आलेला असतो. भूषण त्याला 'नकाराआधीचा श्वास' म्हणायचा. यंत्र तो श्वास ओळखायला शिकलं आणि मराठी वाक्यांचे अंदाज एकदम अचूक यायला लागले.

भूषणची आई मराठीची शिक्षिका. अर्ध्यावर तोडलेल्या बोलण्याला अर्धोक्ती म्हणतात, हे तिने सांगितलं आणि यंत्राला नाव मिळालं. गुंतवणूकदारांची जीभ त्या नावावर अडखळायला लागली तेव्हा निनादने ते छाटून 'अर्धो' केलं.

मग निनादला ती कल्पना सुचली. रविवारी सरांकडून परतताना, एका कानात पॉडकास्ट चालू असताना, त्याच्या मनात आलं, की अडीचपट वेगाच्या हिशोबाने बघितलं तर सगळं जगच सरांसारखं बोलतं. मग यंत्र बोलणाऱ्याच्या कॉलरवर कशाला? ते ऐकणाऱ्याच्या कानात पाहिजे.

नवा अर्धो शेंगदाण्याएवढा होता. समोरच्याचं वाक्य कुठे जाणार याची जवळजवळ खात्री पटली, की तो बाहेरचा आवाज बंद करायचा आणि उरलेलं वाक्य, बोलणाऱ्याच्याच आवाजात, झटकन कानात टाकायचा. समोरचा माणूस अजून वाक्याच्या मध्यात असायचा आणि ऐकणाऱ्याचं उत्तर तयार असायचं. खात्री पटली नाही, तर खरा आवाज जसाच्या तसा आत सोडला जायचा. भूषणने हट्टाने एक अट घातली होती, की कोणाचंही बोलणं कुठेही साठवायचं नाही. ती निनादने लगेच मान्य केली. मान हलवून चूक सांगायची जुनी सोय मात्र त्याने काढून टाकली, कारण वेळ तिथेच जात होता.

लोकांसमोर यंत्र दाखवायचं काम भूषण करायचा. तो म्हणायचा, "मी एक वाक्य अर्धं सोडतो. 'बरं, मी...' पुढं काय?" सगळं सभागृह एकसुरात म्हणायचं, "येतो!" "बघा," भूषण हसून म्हणायचा, "इथं तर ऐकायचीही गरज नाही." टाळ्या पडायच्या. हे उदाहरण पुढे जाहिरातीतही आलं.

*

घरी त्याचा पहिला परिणाम जेवणाच्या टेबलावर झाला.

"आज प्राचार्यांनी मला बोलावून..." ऋचा सांगत होती.

"मग नाही म्हणायचं होतंस," निनाद म्हणाला. "दरवर्षी जादा तास तुझ्याच गळ्यात मारतात."

ऋचा 'बोलावून'वरच थांबली. तिच्या हातातला घास तसाच राहिला. "मी अजून काही बोललेच नाही."

"पण हेच सांगणार होतीस ना?"

"हो," ती म्हणाली. ते बरोबर होतं याचाच तिला जास्त राग आला.

दोन-तीन दिवसांनी एका संध्याकाळी चहा ओतता ओतता ती म्हणाली, "उद्या आईकडे जाताना मी सोबत गेंडा नेणार आहे."

निनादने झटकन वर पाहिलं. "काय?"

"हं, आता ऐकू येतंय," ऋचा म्हणाली, आणि तिने त्याला आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेबद्दल सांगितलं.

हा तिचा शोध म्हणायला हरकत नाही. यंत्राच्या नकाशात नसलेलं काहीतरी वाक्यात घातलं, की ते गोंधळायचं आणि खरा आवाज आत सोडायचं. थोड्याच महिन्यांत अर्धो वापरणाऱ्यांच्या घरोघरी बायका, मुलं, म्हातारे असे गेंडे पाळायला लागले. कोणी शब्द उलटे लावायचे, कोणी मध्येच भलत्या गावाचं नाव घ्यायचे. 'अर्धोमुळे कुटुंबातली भाषा अधिक सर्जनशील झाली,' असं निनादने एका मुलाखतीत सांगितलं, आणि त्याला ते मनापासून वाटत होतं. पण दिवसभर उभं राहून शिकवून आलेल्या माणसाला रोज गेंडा कुठून सुचणार? ऋचा हळूहळू गेंडे आणेनाशी झाली. आपलं घर आता कसं सुरळीत चालतं, असं निनादला वाटायला लागलं.

मग दवाखान्यांचं काम आलं. एका मोठ्या रुग्णालय-साखळीला बाह्यरुग्ण विभागातल्या सगळ्या डॉक्टरांच्या कानात अर्धो हवा होता. रांगा हटतील, डॉक्टरांचा वेळ वाचेल. कंपनी एका उडीत देशभर पोचणार होती.

भूषणला ते मान्य नव्हतं. "पेशंट खरी गोष्ट खुर्चीत बसून सांगतच नाही," तो ऑफिसात निनादला म्हणाला. "उठतो, दरवाजापाशी जातो आणि म्हणतो, 'बाकी सगळं ठीक आहे डॉक्टर, फक्त...' त्या फक्तच्या पुढं आपलं यंत्र काय भरणार बे?"

"ज्याची शक्यता जास्त ते."

"म्हणजे अशक्तपणा. आणि त्याले सांगायचं असते की उलटीत रक्त पडून राहिलं."

"हे बघ, शंभरातल्या..."

"तू यंत्राशिवाय पण तेच करायला लागला," भूषण म्हणाला. "मी काय म्हणतो ते नाही, मी बहुतेक काय म्हणत असेन ते तू ऐकतो." त्या वेळी निनादच्या कानात अर्धो नव्हता, चार्जिंगला लावलेला होता, म्हणून हे वाक्य त्याला पुरतं ऐकू आलं. ते त्याला लागलंही. पण तोवर दवाखानेवाल्यांचा फोन आला.

त्यानंतरचे कित्येक आठवडे भूषण त्याच विषयावर बोलत राहिला आणि अर्धो त्याची वाक्यं पूर्ण करत राहिला. एकच माणूस एकाच गोष्टीवर पुन्हा पुन्हा बोलला की नकाशा फार पक्का होतो. भूषणचं बोलणं निनादला आता दोन-तीन शब्दांत कळायचं.

*

सही सोमवारी ठरली होती. आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, दोघे नेहमीप्रमाणे नवयुगच्या मैदानावर खेळले. हिवाळा होता, ऊन कोवळं होतं. उमरेडकर सर कडुलिंबाखाली खुर्ची टाकून, काठी मांडीवर आडवी घेऊन बसले होते. बऱ्याच दिवसांपासून त्यांनी कॉलरवरची डबी लावणं सोडून दिलं होतं. का, ते कोणी विचारलं नव्हतं, कारण उत्तराला वेळ लागला असता.

मैदानावर निनाद अर्धो काढून ठेवायचा. पण त्या दिवशी घामाने न बिघडणारा नवा नमुना आला होता, आणि तो तपासून बघायचा म्हणून त्याने कानातच ठेवला. भूषणचे पास त्या दिवशीही बरोबर हातात येत होते. खेळ संपल्यावर दोघे सरांच्या खुर्चीजवळ आले. भूषणने बूट काढले, पिशवीत ठेवले, आणि निनादच्या समोर उभा राहिला.

"निनाद, ते कानातलं..."

अर्धोने पूर्ण केलं: अपडेट केलं का?

"कालच केलं," निनाद म्हणाला. "घामाचा काही त्रास नाही, एकदम मस्त."

भूषण क्षणभर त्याच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दवाखान्याच्या बाबतीत माझं म्हणणं आज..."

आज पुन्हा सांगत नाही, तुले माहीत आहे.

"माहीत आहे रे," निनाद म्हणाला. त्याला बरं वाटलं. भूषण नरमला होता. "एकदा सुरू तर होऊ दे. मग बघू काय बदलायचं ते."

भूषणने पिशवी खांद्याला लावली. सरांच्या पाया पडला. मग निनादकडे वळून म्हणाला, "बरं, मी..."

येतो.

"ये," निनाद म्हणाला. "उद्या लवकर ये पण."

सर खुर्चीत पुढे झुकले होते. "ये..." ते म्हणाले, "ये..."

ये रे, अर्धोने पूर्ण केलं.

सरांनीही निरोप दिला याचं निनादला कौतुक वाटलं. भूषण फाटकातून बाहेर पडला. सरांचा हात हवेत तसाच होता. निनादने तो हातात घेऊन हलवला आणि तोही निघाला.

*

सोमवारी भूषण आला नाही. दवाखानेवाले ताटकळले, तेव्हा निनादने त्याच्याशिवाय सही केली. फोन लागत नव्हता. दुपारी भूषणचा राजीनामा आला, दोन ओळींचा. दुसरी ओळ अशी होती: 'सरांच्या समोर तुला सांगूनच निघालो आहे.'

"मला काही सांगितलं नाही त्याने," निनाद संध्याकाळी ऋचाला म्हणाला. तो खरोखर चक्रावला होता. "उलट गोडीने बोलला. येतो म्हणाला."

ऋचाने हातातले पेपर तपासायचे थांबवले. "म्हणाला, की तुला ऐकू आलं?"

निनादला एकदम आठवलं, की शेवटच्या शब्दाला भूषणचे ओठ त्याने पाहिलेच नव्हते. उत्तर तयार होतं, त्यामुळे नजर घड्याळावर गेली होती. आता तपासायला काही साधनही नव्हतं, कारण काहीच साठवायचं नाही ही भूषणचीच अट. तिथे तिसरा माणूस एकच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सरांच्या घरी गेला. कानातला अर्धो गाडीतच काढून चार्जिंगच्या डबीत ठेवला. सर ओसरीवर बसले होते.

"सर, भूषण परवा काय म्हणाला?"

सरांनी त्याच्याकडे पाहिलं. ओठ हलले, थांबले. "का..." ते म्हणाले. "का..."

"काम सोडतो म्हणाला?"

सरांनी काठी फरशीवर आपटली. निनाद दचकला. लहानपणी शिट्टी वाजली की तसाच दचकायचा. तो खाली मान घालून पायरीवर बसला आणि गप्प राहिला. हे फार जड गेलं. सरांच्या प्रत्येक अडलेल्या अक्षरामागे त्याच्या डोक्यात पाच-सहा शब्द धावत येत होते, आणि ते त्याला दातांमागे अडवून धरावे लागत होते. रस्त्यावरून बोहारीण ओरडत गेली. कोणीतरी शेजारी कुकर लावला. सर प्रयत्न करत होते. कपाळावर घाम आला होता.

"काढ," सर शेवटी म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच्या कानाकडे बोट केलं. "ते... कानातलं... काढ. म्हणाला."

कानातलं काढ, म्हणाला होता तो. आणि आपण सांगितलं, कालच केलं.

"मग?"

"आज... शेवटचं... सांगतो. म्हणाला."

सर थांबले. कुकरची शिट्टी झाली.

"मग... जा..." सर म्हणाले. त्यांनी डोळे मिटून घेतले, सगळा जोर लावला. "जातो. जातो... म्हणाला. दोनदा."

"दोनदा?"

सरांनी मान डोलवली. काठीने फरशीवर दोन टोले दिले. पहिला 'जातो' बोलून भूषण थांबला होता. समोरच्याने टोकावं म्हणून थांबला होता. आणि समोरचा म्हणाला, ये, उद्या लवकर ये. मग त्याने दुसऱ्यांदा म्हटलं असणार, हळू, अर्धो सरांचं 'ये' पूर्ण करत असताना, आणि तो गेला. त्याला ठाऊक होतं की शब्द गिळला जातोय. 'बरं, मी'च्या पुढे ऐकायचीही गरज नाही, हे जगाला त्यानेच सांगितलं होतं. तरी त्याने म्हणून पाहिलं.

"मी..." सर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "मी म्हणून... राहिलो होतो. ये... येतो म्हण. येतो म्हण बे. पण... मले... वेळ..."

"लागला," असं निनाद म्हणाला नाही. त्याने तो शब्द तोंडात धरला. सरांनी तो स्वतः म्हणायला बराच वेळ घेतला, पण म्हटला. निनाद त्यांच्या पायांशी बसून लहान मुलासारखा रडला. सरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो रडून होईपर्यंत दुसरं काही सांगायचा प्रयत्न केला नाही.

*

फोन चौथ्या दिवशी लागला. भूषण यवतमाळला बहिणीकडे होता. निनादने गाडी रस्त्याच्या कडेला उभी केली.

"हॅलो."

"भूषण, येतो म्हण."

भूषणने विचारलं, "सर बोलले?"

"हो."

"पूर्ण?"

"पूर्ण. मी थांबलो."

"कानात?"

"नाही. डबीत आहे."

"हं. सही केली?"

"केली. सोमवारीच. तुझी वाट पाहिली आणि केली." निनादला हे मध्येच झाकून नेता आलं असतं, पण त्याने नेलं नाही. "मान हलवायची सोय परत टाकायची म्हणतो. यंत्र काय समजलं ते पेशंटलेही ऐकू जाईल. तो हो म्हणाला तरच पुढं."

"मानणार नाहीत ते. त्यात वेळ जाते."

"नाहीच मानणार बहुतेक. मी त्यांना सांगितलं, की नाही मानलं तर करार परत घ्या. त्यांचं उत्तर आलं नाही अजून."

सवयीने निनादच्या डोक्यात भूषणची पुढची वाक्यं जमायला लागली होती. त्याने ती जमू दिली आणि एकही वापरलं नाही.

"निनाद," भूषण म्हणाला, "मले परत यायचं..."

आणि तो थांबला. फोनमधून एक आखूड श्वास ऐकू आला. निनादने तो ओळखला. ज्याने तो शोधला, त्याच्याच घशातून आला होता. निनादने गाडीचं स्टिअरिंग घट्ट धरलं आणि तोंड मिटून ठेवलं.

"...की नाही, ते आज मले सांगता येत नाही," भूषणने वाक्य पूर्ण केलं.

"बरं," निनाद म्हणाला.

"राग गेला नाही माझा."

"बरं."

"सगळ्याले बरंच म्हणशील का बे?"

निनादला हसू आलं. बाजूने विनाचालक बस आवाज न करता गेली.

"बरं, मी..." भूषण म्हणाला.

निनादने डोळे मिटले. दोनच शब्द शक्य होते. त्यातला कुठला येणार, हे त्याला माहीत नव्हतं. त्याने दोन्हींना वाट करून दिली आणि थांबून राहिला.

"...ठेवतो," भूषण म्हणाला.

आपण फोनवर बोलतोय हे निनादच्या लक्षातच राहिलं नव्हतं. तो फोन कट होण्याची वाट बघत राहिला. कट झाला नाही. ठेवतो म्हणाला होता, पण ठेवला नव्हता. थोड्या वेळाने पलीकडे, फोनपासून लांब, भूषण सिमेंटवर चेंडू आपटायला लागला, आणि निनाद गाडी बंद करून ऐकत बसला.